सातेरीचं तप

अडसर बाहेरून पडला आणि गाभारा एकदम लहान झाला.

मी ओल्या पंच्यानिशी देवीसमोर पाटावर बसलो होतो. समोर काळ्या पाषाणाची मूर्ती, तिच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं चिकटवलेली तगरीची एकेक पाकळी. मूर्तीच्या मागं जवळजवळ छताला टेकलेलं वारूळ. उजवी पाकळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. ती पडेपर्यंत गुरवानं आतच बसायचं, दार बाहेरून बंद, पाण्याचा घोटही नाही, हा आमच्या सावरणे गावाचा रिवाज. कौल न घेता बाहेर आलेल्या गुरवाचं घराणं तिथंच संपतं. देवळाची चाकरी जाते आणि चाकरीचं घरही जातं.

त्या घरात माझी आई राहत होती. नाहीतर मी पहिल्या तासाभरातच दार ठोठावलं असतं.

चोवीस वर्षांचा होतो तेव्हा. मुंबईला एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायचो आणि गाववाल्यांच्या खोलीत राहायचो. संक्रांतीच्या आधी वडील गेले. बाराव्याला आलो तो चार दिवसांत परत जाणार होतो. पण गुरवाचा एकुलता मुलगा मी. वडिलांचं पागोटं माझ्या डोक्यावर ठेवलं गेलं तेव्हा मला वाटलं, एवढ्यापुरतंच असेल, आणि मी कचेरीतली रजा वाढवत राहिलो. वैशाखात मनूशेट दळवी मुंबईहून मंडळी घेऊन आले आणि मला बोलावणं आलं, की देवीला विचारायचं आहे.

मनूशेटांचा मुंबईत मालवाहतुकीचा धंदा होता. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी कामाला लावलं होतं. मी ज्या खोलीत राहायचो ती खोलीही त्यांचीच. नवं देऊळ बांधायचं हे त्यांचं बरीच वर्षं चाललं होतं. त्याचा नकाशाही त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतला होता. संगमरवराचा गाभारा, मधोमध देवी, भोवती प्रदक्षिणेची वाट. त्या वाटेत वारूळ येत होतं.

त्या दिवशी सकाळी देवळाच्या पायरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सदानंद, नकाशात तू तो गोल काढून टाकलास ना? आता तोच गोल जमिनीवरनं काढायचा आहे. एवढंच."

"देवीनं सांगितलं तर," मी म्हणालो.

ते हसले. माणूस वाईट नव्हता. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, मला मुंबईत लोक विचारतात, तुमची देवी कुठली? मी काय सांगू? मातीचा ढीग? सातेरी हे नाव कुठल्या पुराणात आहे, दाखव मला. आपली देवी महिषासुरमर्दिनी आहे. पायाखाली रेडा आहे, हातात त्रिशूळ आहे. तिच्या पाठीमागं वाळवीचं घर ठेवून आपण तिचा अपमान करतोय. तुझ्या वडिलांनी कौल लावायलाच नकार दिला. तू शिकलेला आहेस. आत तू एकटाच असणार. उजवी पडली पाहिजे."

मी पायरी चढलो तर वर आबाजी राणे उभे. गावचे पहिले मानकरी. वयानं पाठ वाकलेली, पण आवाज खणखणीत. माझ्या हातात तगरीची फुलं देता देता ते अगदी हळू बोलले.

"डावी पडांदे. त्या रोयणीक कोणी हात लावलो तर गावात दिवो लागाचो नाय. तुझ्या बापाशीक म्हायत होता ता. आणि डावी पडली की तू खय जावचस नाय. हयच ऱ्हवाचा. गुरव व्हयो गावाक."

वारुळाला आमच्याकडं रोयण म्हणतात. दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली होती, की पाकळी माझ्या बोटांचं ऐकते. आणि त्यांच्यापैकी कुणालाच त्यात देवीचा अपमान वाटत नव्हता.

मी मनाशी ठरवून आत गेलो होतो की हात लावायचा नाही. पडेल ती पडेल. माझा त्या पाकळ्यांवर विश्वास नव्हता, म्हणूनच ते सोपं वाटत होतं. पाणी सुकेल, पाकळी सुटेल, जी आधी सुटेल ती सुटेल, माझ्या अंगावरचं टळेल.

पाणी सुकलं. पाकळ्या सुटल्या नाहीत.

गाभाऱ्याला खिडकी नव्हती. अभिषेकाचं पाणी बाहेर जायला जमिनीलगत एक पन्हळ होती, तिच्यातून हातभर उजेड यायचा. समईचा धूर वर साचत होता. घाम हनुवटीवरून मांडीवर पडत होता. पाकळ्या कडेनं पिवळ्या पडल्या, मुरडल्या, आणि दगडाला अशा घट्ट बसल्या की जणू तिथंच उगवल्या होत्या. बाहेर सभामंडपात माणसं बसली होती. आधी भजन चाललं, मग कुजबुज, मग नुसतं खोकणं.

"सदा." दाराच्या फटीशी आई होती. "झिला, बरो आसस मां?"

"बरा आहे."

"घाई करू नको. पण उशीरही करू नको."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. बहुतेक तिलाही नसावं.

थोड्या वेळानं मनूशेटांचा आवाज आला. "गुरवांनू, काय झालं?" मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग फटीला तोंड लावून, "सदानंद, मुंबईचं तिकीट काढून ठेवलंय तुझं. किती वेळ लावतोस?"

मी उठून मूर्तीपाशी गेलो. बोट उजव्या पाकळीपर्यंत नेलं. नखानं नुसतं टोकलं असतं तरी झालं असतं. उद्या कुदळी आल्या असत्या, परवा मी गाडीत असतो. पण आबाजींसारखी म्हातारी माणसं त्या मातीपुढं कशी बसतात ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. बोट डाव्या पाकळीकडं नेलं. ती पाडली की मनूशेट मूर्ती उचलून गावठाणात दुसरं देऊळ बांधणार, हे त्यांनी बोलून दाखवलं होतं. गावाचे दोन गाव होणार. खोली जाणार, नोकरी जाणार, आणि मी वडिलांच्या जागी त्यांच्यासारखाच वाळत जाणार. मी हात खाली घेतला. परत पाटावर बसलो. पुन्हा उठलो. त्या गाभाऱ्यात उठून जायला चार पावलं जागाही नव्हती. शेवटी मी वारुळाला पाठ टेकून बसलो, कारण तेवढंच थंड होतं. कान लागला तर आत बारीक करकर चालू होती.

"झिला, आसस मां आत?"

आवाज दाराकडून नव्हता. जमिनीतून आल्यासारखा होता. मी दचकून बाजूला झालो, मग लक्षात आलं की पन्हळीतून येतोय.

"मी जना. भायर बसलंय, पन्हळीकडे."

जनामाय जाधव. खालच्या वाडीतली. माझ्या आजोबांच्या काळापर्यंत त्या वाडीला महारवाडा म्हणायचे, आता बौद्धवाडी म्हणायला गाव शिकत होता. जनामायच्या मुलानं घरात बुद्धाची तसबीर लावली होती आणि देवळाकडं फिरकायचं नाही असं घरच्यांना बजावलं होतं. ती तसबिरीला रोज फूल घालायची. देवळाकडंही यायची. सभामंडपात तिला कुणी बोलावलं नसतं, म्हणून मागं बसली होती.

"पाकळी पडली?" तिनं विचारलं.

"नाही."

"पडाची पण नाय. तिका सवड खय?"

"कुणाला?"

"तिका. बाळंतीण ती. बाळंतिणीक कोणी इचारता काय, हयसून उठतस काय म्हणान?"

मी पन्हळीजवळ सरकलो. भोकातून तिचा गुडघा आणि लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता.

"कोण बाळंतीण?"

"तुझ्या बापाशीन सांगूक नाय तुका?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "ती इली तेवा हयसर सगळा रान होता. पोटात कळा. ज्येच्या दारात गेली तेणी दार लावल्यान. मगे मातयेन तिका पोटात घेतल्यान. थयच ती बाळंत झाली. हो गाव म्हणजे तिचा पोर. आमच्या वाडयेतली बाय धावान गेली, तिणा तिका माखल्यान, शेक दिल्यान. म्हणान माखूचो मान आमचो. दर वर्साक, श्रावणातल्या अवसेक."

आणि मग मला नुसतं आठवलं नाही, समजलंही, की श्रावणी अमावास्येला भर दुपारी वडील देवळात एकटे का जायचे आणि आई मला त्या वेळी अंगणातसुद्धा का येऊ देत नसे. गाव जेवून झोपलेला असताना ते दार उघडत. जनामाय ओली माती घेऊन आत जाई आणि वारुळाला दोन्ही हातांनी लिंपून काढी, खालपासून वरपर्यंत, जसं बाळंतिणीचं अंग माखतात तसं.

"आणि ही पुढची?" मी मूर्तीकडं पाहत विचारलं.

"ती मागाहून इली. पावणी." जनामाय जरा थांबली. "बसांदे बिचारी. तिची काय अडचण नाय."

पन्हळीतून तिनं ओल्या फडक्याचा बोळा आत सारला. पाणी प्यायचं नव्हतं, पण तोंड पुसायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. मी ते डोळ्यांवर धरून बसलो. ती आणखी काही बोलली नाही. नुसती तिथं होती.

ऊन उतरलं. पन्हळीतला उजेड तांबूस झाला. बाहेर माणसं चुळबुळत होती. मनूशेट कुणाशी तरी चढ्या आवाजात बोलत होते, आबाजी त्यांना तसंच उत्तर देत होते. "गुरवान काय ता एक सांगूक व्हया," कुणीतरी म्हणालं. माझं डोकं धुरानं भणभणत होतं. घशात थुंकी उरली नव्हती. पाकळ्यांकडं पाहिलं. दोन्ही तशाच.

तेव्हा मला कळलं की कौल येणार नाही, आणि दार उघडण्यासाठी काहीतरी मलाच बोलावं लागणार. होय म्हणून सुटका नव्हती, नाही म्हणून नव्हती. मी दारावर थाप मारली.

अडसर निघाला. उजेड डोळ्यांत घुसला आणि मी चौकटीला धरून उभा राहिलो. सगळा सभामंडप उठला होता.

"पाकळी?" आबाजींनी विचारलं.

"दोन्ही तिथंच आहेत. येऊन बघा."

आबाजी उंबऱ्यापर्यंत आले, वाकून पाहिलं, मागं सरले. मनूशेटांनीही पाहिलं. त्यांचा चेहरा रागानं बदलायला लागला होता. आई खांबाशी उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

"तिनं पाकळी दिली नाही," मी म्हणालो, "कारण ती बोलली."

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पुढचं तर मुळीच नाही. शाळेत ऐकलेलं, कीर्तनात ऐकलेलं, कुठलं कुठलं जिभेवर आलं. जनामायनं सांगितलेलं मी तसंच सांगू शकलो असतो. पण बाळंतपणाचा विटाळ मानणाऱ्या त्या माणसांपुढं, गाभाऱ्याच्या दारात उभं राहून, ते तोंडातून निघेना. निघालं असतं तर मनूशेटांनी त्याच संध्याकाळी कुदळ मागवली असती.

मी म्हणालो, "ती म्हणाली, मी इथं तपाला बसलेय. महिषासुराला मारल्यावर पापक्षालनासाठी बसलेय. इतकी युगं बसलेय की मुंग्यांनी माझ्याभोवती घर केलं. पुढची मूर्ती माझं रूप आहे, आत मी स्वतः आहे. देऊळ कितीही मोठं बांधा. माझं आसन हलवू नका."

मग आबाजी खाली बसले आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं. त्यांच्या मागून एकेक करत सगळे. मनूशेट सर्वांत शेवटी वाकले, पण वर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तपस्विनी," ते म्हणाले. "तपस्विनी सातेरी. अरे, मुंबईत लोकांना मी काय सांगू, काय सांगू म्हणत होतो. आणि हे इथं होतं."

त्यांनी मला मिठी मारली. आबाजींनी वडिलांचं पागोटं पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवलं. देवी ज्याच्याशी बोलली त्याला गाव सोडून जाऊ देणं कुणाच्याच मनात येणार नव्हतं. तिकीट मनूशेटांनीच फाडलं, अगदी प्रेमानं.

नवं देऊळ दुसऱ्या वर्षी उभं राहिलं. नकाशा पुन्हा मीच काढला. त्यात वारूळ मध्यभागी घेतलं आणि मूर्ती त्याच्यापुढं. मनूशेटांनी पांढरा संगमरवर आणला, आणि वारुळाभोवती पितळी जाळी बसवली. "तपात विघ्न नको," ते म्हणाले. "कुमारी तपस्विनी आहे. कुणाचा स्पर्श होता कामा नये." माझ्याच शब्दांतून ते निघालं होतं, त्यामुळं मला काही बोलता येईना. जाळीला कुलूप लागलं. किल्ली देवस्थान मंडळाच्या कपाटात गेली. बाहेर माझी गोष्ट काळ्या फरशीवर सोनेरी अक्षरांत कोरली गेली. बाहेरगावची माणसं आली की मी ती तोंडानंही सांगायचो. पहिल्या पहिल्यांदा अडखळायचो. मग अडखळणं गेलं.

त्या वर्षी श्रावणी अमावास्येला गाव जेवून झोपला तसं मी देवळाचं दार उघडलं. वडील उघडायचे तसं. जनामाय आली. डोक्यावर मातीचं घमेलं, कमरेपाशी पाठ वाकलेली, दम लागलेला. आत येऊन ती संगमरवरावर अंग चोरून उभी राहिली, मग जाळीपुढं खाली बसली.

"ह्या काय?"

"जाळी आहे."

"उघड."

"किल्ली माझ्याकडं नाही, माय."

तिनं माती दोन्ही हातांना माखली आणि जाळीतून हात घातला. बोटं वारुळापासून वीतभर अलीकडं राहिली. दुसऱ्या बाजूनं घालून पाहिला. खांदा जाळीला दाबून पाहिला. मी तिथंच उभा होतो आणि मला तिला थांब म्हणता येत नव्हतं, की मदतही करता येत नव्हती. शेवटी तिनं हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

"लोक म्हणतत, ती तपाक बसलीहा."

"हो."

"पोरबाळ नाय म्हणतत तिका."

मी जाळीचं कुलूप उगाच चाचपलं.

"ती तुझ्याशी बोलली म्हणतत. खरा?"

साऱ्या गावात ही एकटीच अशी होती की जिला मी खरं सांगितलं असतं तरी बाहेर गेलं नसतं. पण तोवर मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं.

"हो," मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. संशय नव्हता तिच्या डोळ्यांत. तो असता तर बरं झालं असतं.

"मगे माझा नाव घेतल्यान काय? लगीन होऊन इलंय तेवापासून मी तिका माखतंय. माझ्या आधी माझ्या सासून माखल्यान. काय इचारल्यान काय, जना खय आसा म्हणान?"

बाहेर कुठंतरी कावळा ओरडत होता. तिनं माझ्या उत्तराची वाट पाहिली, आणि मग स्वतःच मान हलवली.

"आसांदे. बाळंतिणीक सगळ्यांची नावां खय आठवतत."

उठताना तिचा तोल गेला. मी पुढं झालो, पण तोवर तिनं जाळीशेजारच्या भिंतीला हात टेकून स्वतःला सावरलं होतं. घमेलं तिथंच ठेवून ती गेली. मी माती उचलली, फरशी पुसली, दार लावलं. भिंतीकडं माझं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभामंडपात गलका ऐकून मी धावलो. मनूशेट त्या दिवसांत गावीच होते. जाळीशेजारच्या पांढऱ्या संगमरवरावर लाल मातीचा उमटलेला हात वाळून घट्ट बसला होता. पाचही बोटं, तळव्यावरच्या रेघांसकट. हात लहान होता, बाईचा होता, हे कुणीही सांगितलं असतं. जाळीचं कुलूप तर जागच्या जागी होतं. बायका जमल्या होत्या. कुणीतरी हळदकुंकवाची कोयरी आणायला पळालं होतं. आबाजींना दोघांनी धरून आणून पुढं बसवलं होतं.

मनूशेट हात जोडूनच माझ्याकडं वळले. त्यांच्या पाठीमागं सगळा गाव माझ्या तोंडाकडं पाहत होता.

"गुरवांनू," ते म्हणाले, "हा हात कोणाचा?"

"तिचाच," मी म्हणालो.